तिसऱ्या बोर्डापुढची खूण

मशीन बंद झालं असं नुसतं ऐकून साळवेबाईंनी कधी मान्य केलं नाही. पडद्यावर शेवटची अक्षरं यायची, दिवा विझायचा, पंखा थांबायचा, आम्ही खुर्च्या मागे सरकवून चहाला निघायचो आणि बाई जागेवरून उठून मशीनच्या पाठीला तळहात लावायच्या. त्यात माया वगैरे काही नसायची. भाडेकरू घर रिकामं केलं म्हणून सांगतो आणि मालकीण त्याच्या खांद्यावरून आत डोकावते, तसा तो हात असायचा.

"पडद्यानं सांगितलं," त्या म्हणायच्या. "मशीनला विचारलंस का?"

हा प्रश्न बहुतेक वेळा मला असायचा, कारण मशीन बंद करण्याचा कोड माझ्या अखत्यारीत होता.

विशाखा साळवेंविषयी मी गेल्या वर्षापर्यंत कुणाशी बोललो नव्हतो. बायकोशीही नाही. त्यांची नोकरी गेली, पुण्यातल्या आमच्या छोट्याशा धंद्यात नाव गेलं, आणि ते माझ्यामुळे गेलं. एवढं वाक्य लिहायला मला बावीस वर्षं लागली. लिहून झालंय. पुढचं आता सोपं जावं.

एरंडवण्यातल्या एका बंगल्यात आमची कंपनी होती. खाली आम्ही, वर मालक. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. ते दिवस असे होते की ज्या खोल्यांत पूर्वी गणिताच्या शिकवण्या चालायच्या, तिथे आता कुणी ना कुणी सॉफ्टवेअर लिहीत बसलेलं असायचं आणि परदेशातून फोन आला की सगळा बंगला दबक्या आवाजात बोलायचा. आम्ही थंडावा सांभाळणारे डबे बनवायचो. शीतगृहात, दुधाच्या टाकीवर, रक्तपेढीच्या फ्रिजवर बसणारा छोटा संगणक. तो तापमान नोंदवायचा, कॉम्प्रेसर चालवायचा, काही बिनसलं की भोंगा वाजवायचा. त्यातली ऑपरेटिंग सिस्टिम आम्ही एका सर्वांना खुल्या असलेल्या सिस्टिमवरून घडवली होती. तिचा गाभा, म्हणजे कर्नेल, माझ्याकडे. तपासणी बाईंकडे. मी इंजिनिअर, त्या डिप्लोमावाल्या. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या. मला त्या पहिल्या दिवसापासून अरे-तुरे करत आणि मी त्यांना अहो-जाहो. हे मला कधी खटकलं नाही. पण इतरांना खटकायचं हे मला माहीत होतं, आणि का खटकायचं हेही.

त्यांचे वडील वीज मंडळात लाइनमन होते. खांबावर चढण्याआधी ते फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालत, खाली उभ्या असलेल्या साथीदाराकडे देत नसत. बाईंनी हे एकदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, साथीदारावर विश्वास नव्हता वाटतं. त्या म्हणाल्या, "विश्वास होता की. पण वर चढणारा तो नव्हता."

तोच नियम बाईंचा. उघडलेल्या मशीनची वीज तोडली की तिची कॉर्ड त्या गुंडाळून पर्समध्ये टाकत आणि पर्स काखोटीला मारून जिथे जायचं तिथे जात. एकदा अण्णांचे सिंगापूरचे पाहुणे आले. अण्णा त्यांना घेऊन तालात खाली आले, बटण दाबलं, काहीच होईना. बाई डेक्कनला बँकेत गेल्या होत्या. पाऊण तास अण्णांनी पाहुण्यांना बागेतला आंबा दाखवला. बाई परतल्यावर अण्णा शक्य तितक्या सौम्यपणे म्हणाले, "बाई, कंपनी माझी आहे."

"आहेच," बाई पर्स उघडत म्हणाल्या. "बोटं माझी आहेत."

पाहुण्यांना वाटलं काहीतरी औपचारिक बोलणं झालं. त्यांनी नमस्कार केला.

जुन्या संगणकांना मागच्या बाजूला खटका असायचा. तो खाली केला की वीज तुटायची, विषय संपला. मग नवे आले, ज्यांच्यावर पुढे गुळगुळीत बटण. ते दाबलं की वीज तुटत नाही. कर्नेलला नुसतं कळतं की कुणीतरी बंद व्हायला सांगतंय. मग कर्नेलनं सगळी कामं थांबवायची, डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहायचं, डिस्क थांबवायची आणि अगदी शेवटी स्वतःचा वीजपुरवठा तोडायला लावायचा. बाईंना ते बटण आवडायचं नाही. "हे बटण कसलं," त्या म्हणायच्या, "हा विनंतीअर्ज आहे. पोच मिळत नाही."

आणि ही शेवटची पायरी प्रत्येक बोर्डावर वेगळी होती. आमच्याकडे तीन प्रकारचे सर्किट बोर्ड होते. पहिला बाजारात मिळणारा साधा. त्याच्यावरच्या पक्क्या प्रोग्रॅमला सांगितलं की तो वीज तोडायचा. दुसरा आम्ही बनवलेला. त्याच्यावर विजेची एक वेगळी चिप होती आणि तिच्या ठरावीक जागी ठरावीक आकडा लिहावा लागायचा. तिसरा लहान आणि स्वस्त. त्याला यातलं काही कळायचं नाही. त्याची एक पिन खाली खेचून काही क्षण तशीच धरून ठेवावी लागायची, तेव्हा कुठे आतला रिले, म्हणजे विजेनं हलणारा खटका, सुटायचा. हे धरून ठेवणं किती वेळ, ते बाईंनी मीटर लावून शोधलं होतं आणि माझ्या डोक्यावर बसून त्याच्या पंधरा ओळी लिहून घेतल्या होत्या. दिसायला भयंकर ओळी. कर्नेलच्या सुबक घरात मध्येच कुणी खुंटी ठोकावी तशा.

मला त्या सलत होत्या. मला तिन्ही बोर्डांसाठी बंद करण्याचा एकच रस्ता हवा होता. आधी पहिली पद्धत करून बघायची, नाही जमली तर दुसरी, तीही नाही जमली तर कर्नेलनं सगळं थांबवून जागच्या जागी फिरत राहायचं. सुटसुटीत. परदेशी ग्राहकाला दाखवण्यासारखं. बाईंना मी हे फळ्यावर आकृती काढून समजावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"चालताना सगळे सारखे चालतील," त्या म्हणाल्या. "ते तुझं काम आहे, छान करतोस. पण मरताना प्रत्येक जण आपापला मरतो. तिसऱ्याची पिन तू कुठे खेचतोयस?"

मी म्हटलं बघू. बघू म्हणजे मी करणारच होतो.

त्यांच्या आणखी एका सवयीबद्दल सांगायला हवं. आमच्या तपासणीच्या तक्त्यात प्रत्येक कामापुढे तपासणाऱ्याचं नाव आणि शेवटच्या रकान्यात 'तपासले' असं छापलेलं असायचं. बाकी सगळे तिथे बरोबरची खूण करत. बाई आकडा लिहीत. मशीन बंद झाल्यावर मीटरवर किती वीज अजून वाहते आहे तो आकडा. खूण का करत नाही असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, खूण करायला मशीन लागत नाही, पेन पुरतं.

आता त्या दसऱ्याचं.

बाई दर वर्षी दसऱ्याला नागपूरला, दीक्षाभूमीवर जात. वडील जात म्हणून त्या जात, आणि वडील गेल्यावरही जात. रजेचा अर्ज द्यायच्या तो दोन ओळींचा. त्यात 'रजा मिळावी' नसायचं. 'मी असणार नाही' असायचं. अण्णांनी एकदा बोलावून विचारलं, ही काय भाषा. बाई म्हणाल्या, मिळावी लिहिलं तर नाही म्हणायची सोय होते, तुम्हाला कशाला त्रास.

आणि अण्णांचं म्हणजे नवीन आवृत्ती बाहेर पडायची ती दसऱ्याच्याच मुहूर्तावर. खंडेनवमीला सगळी मशीनं बंद करून, पुसून, झेंडूच्या माळा घालून त्यांची पूजा व्हायची; हत्यार म्हणून. दसऱ्याला सकाळी पेढे आणि सीडी एकदमच पॅक व्हायच्या. तपासणीचा तक्ता त्याआधी पूर्ण पाहिजे. दर वर्षी बाई जाण्याआधी तो भरून जात. त्या वर्षीही त्यांनी भरला होता. पण त्या अष्टमीच्या संध्याकाळच्या गाडीनं गेल्या आणि नवमीच्या सकाळी मी माझा एकच रस्ता कर्नेलमध्ये घातला. त्यांच्या पंधरा ओळी काढून टाकल्या.

कोड बदलला की नवा तक्ता, हा नियम मीच केलेला. नवा तक्ता घेतला. पहिला बोर्ड तपासला, बंद झाला. दुसरा तपासला, बंद झाला. तिसऱ्याची कॉर्ड वेगळ्या टोकाची होती आणि ती बाईंच्या पर्समध्ये बसून नागपूरच्या वाटेवर होती.

मी हसलो होतो हे मला आठवतं. बाईंची कॉर्ड, असं शेजारच्याला सांगून हसलो. तसली कॉर्ड बुधवार पेठेत कुठल्याही दुकानात मिळाली असती. स्कूटरवर जाऊन यायला अर्धा-पाऊण तास. खाली पूजेची तयारी चालली होती, नारळ फोडायला मला बोलवत होते. मी तिसऱ्या बोर्डापुढे, बाईंच्या नावाच्या रकान्यात, बरोबरची खूण केली आणि पूजेला गेलो.

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला समजावत होतो की कॉर्ड त्यांनीच नेली होती.

दोन-अडीच महिने काही झालं नाही. मग एका जिल्ह्याच्या गावातल्या रक्तपेढीत, रविवारी, वीज गेली. आमचा तिसऱ्या बोर्डाचा डबा बॅटरीवर चालू राहिला. बॅटरी उतरत आल्यावर ठरल्याप्रमाणे तो बंद व्हायला निघाला. कॉम्प्रेसर थांबवला, भोंगा थांबवला, दिवा विझवला आणि शेवटची पायरी आली. पहिली पद्धत जमली नाही, दुसरी जमली नाही. मग माझ्या सुटसुटीत रस्त्यानं सांगितलं तसा तो गोल गोल फिरत राहिला. थोड्या वेळात वीज आली. खरोखर बंद झालेला डबा वीज आल्यावर आपोआप उठतो. हा उठला नाही, कारण त्याच्या हिशेबी तो बंद झालाच नव्हता. दिवा विझलेला, भोंगा मुका, फ्रिज तसाच. सोमवारी सकाळी दार उघडलं तेव्हा आतल्या पिशव्या कोमट होत्या. सगळं रक्त फेकून द्यावं लागलं. त्याच दुपारी एका बाळंतिणीला रक्त हवं होतं; तिला जीपमध्ये घालून दुसऱ्या गावी न्यावं लागलं.

ती वाचली. मी मुद्दाम फोन करून विचारलं होतं. आणि वाचली म्हटल्यावर मला जे हायसं वाटलं, ते तिच्यासाठी नव्हतं.

रक्तपेढीचे डॉक्टर स्वतः पुण्याला आले. वरच्या खोलीत अण्णा, डॉक्टर, बाई आणि मी. अण्णांनी प्रस्तावना सुरू केली तशी बाई म्हणाल्या, बोलणं नंतर, आधी मशीन टेबलावर आणा. तिसरा बोर्ड आणला. त्यांनी मीटर जोडला, नवी आवृत्ती चढवली, बंद करायला सांगितलं. दिवा विझला. मीटरचा काटा होता तिथेच राहिला. बाईंनी डॉक्टरांना डब्याच्या पाठीला हात लावायला सांगितला. मग बाईंनी आपल्या पंधरा ओळींची जुनी आवृत्ती चढवली. दिवा विझला, आत कुठेतरी टक् झालं आणि काटा खाली पडला.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मग तुम्ही हे तपासल्याशिवाय पाठवलंत?"

अण्णांनी तक्ता पुढे सरकवला. "तपासलंय. बाईंच्या रकान्यात आहे."

बाईंनी तक्ता पाहिला. मग उठून कपाटातली तीन वर्षांची फाईल आणली आणि अण्णांसमोर ठेवली. "यात माझी एक खूण दाखवा."

अण्णांनी पानं उलटली. सगळीकडे आकडे.

"मग ही कुणाची?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी बोललो असतो, असं मला वाटत आलं आहे. खोटं आहे ते. मी तेव्हा टेबलाच्या काचेखालचा पुण्याचा नकाशा वाचत होतो.

"ज्याची आहे त्याला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "त्याला तोंडही आहे. मी त्याच्या वतीनं बोलायला आले नाही."

डॉक्टर गेल्यावर अण्णांनी बाईंना पुन्हा वर बोलावलं. मलाही, साक्षीला. एक पत्र टाइप करून ठेवलं होतं. गडबडीत माझ्याकडून तपासणी राहून गेली, त्याबद्दल दिलगीर आहे, वगैरे. सही केली की रक्तपेढीचं समाधान होईल, नोकरीला धक्का नाही, चार महिन्यांत लोक विसरतील. अण्णा वाईट माणूस नव्हते. त्यांना प्रकरण मिटवायचं होतं, आणि ते ज्याच्या नावावर मिटवणं सगळ्यात सोपं होतं त्याच्या नावावर ते मिटवत होते.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. "यात एक गोष्ट खरी आहे," त्या म्हणाल्या. "तारीख."

"बाई, मला मग वेगळा विचार करावा लागेल."

"करा. त्याला माझी सही लागत नाही."

खाली चहाच्या टेबलावर कुणीतरी म्हणालं, नागपूर नागपूर करत होत्या, घ्या आता. दुसरा म्हणाला, यांना काही बोलायची सोय नसते, लगेच तो विषय काढतात. बाईंनी कुठलाच विषय काढला नव्हता. मी चहात साखर ढवळत होतो. मी साखर घेत नाही.

आठवड्याच्या शेवटी त्या गेल्या. मीटर त्यांचा स्वतःचा होता, तो घेतला. जाताना माझ्या टेबलाशी थांबल्या. मला वाटलं, आता. त्या म्हणाल्या, "तिसऱ्याच्या ओळी परत घाल. हा बोर्ड जिथे जिथे गेलाय तिथे सगळीकडे पाठव. येत्या आठवड्यातच. फोन करून विचारत राहा बसवलं का म्हणून."

तेवढं मी केलं. त्यातून मला काही सूट मिळावी म्हणून सांगत नाही.

पुण्यात आमच्यासारख्या कंपन्या तेव्हा मोजक्या. बाई जिथे जिथे मुलाखतीला गेल्या तिथून अण्णांना फोन येत. अण्णा म्हणत, कामाला चांगल्या आहेत, पण. पुढचं ऐकायला कुणी थांबत नसे. मी मात्र वर चढत गेलो. कंपनी एका मोठ्या कंपनीनं घेतली, बंगला पाडला, मी हिंजवडीला काचेच्या इमारतीत बसू लागलो. त्या खुल्या कर्नेलमध्ये जगभरच्या लोकांनी पुढे काय काय बदल केले ते वाचणं हे माझं कामच होतं. त्यात वर्षागणिक एक गोष्ट पक्की होत गेली. बंद करण्याची शेवटची पायरी प्रत्येक बोर्डानं आपली आपण सांगायची. वेगळी फाईल, वेगळ्या ओळी, कुठे पिन खेचा, कुठे आकडा लिहा, कुठे इतका वेळ थांबा. शेकडो कुरूप खुंट्या. प्रत्येक नवी खुंटी वाचताना मला वाटायचं, हे बाईंना दाखवावं. दाखवायचं तर आधी दुसरं काही सांगावं लागलं असतं.

गेल्या वर्षी मी नोकरी सोडली आणि त्यांना शोधून काढलं. पुण्याबाहेर मांजरी गावात, अजून उरलेला ऊस आणि नव्या इमारती यांच्या मध्ये, पत्र्याची शेड. शेतीपंपांचे कंट्रोल पॅनेल बनवतात. आठ-दहा मुली वायरी जोडत होत्या. दारात एक शेतकरी पॅनेल परत घेऊन आलेला होता आणि बाई त्याला झापत होत्या, की मोटर बंद केली म्हणतोस आणि हात घालतोस. तो मला हळूच म्हणाला, "बाई लई कडक हायेत. पण पॅनेल जळत न्हाई."

केस पांढरे झाले होते. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. खूण माझी होती.

"मला काय सांगतोस?" बाई म्हणाल्या. "मला त्याच दिवशी कळलं होतं. कॉर्ड माझ्याकडे होती. तिसऱ्याला हात लावल्याशिवाय खूण करायची हिंमत त्या बंगल्यात एकट्या तुझ्यात होती. कर्नेल तुझा ना."

मी म्हटलं, मला माफ करा.

"ते मागू नकोस. मिळालं की घरी जाऊन झोपशील. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग. लेखी."

महिन्याभरानं मी पत्र लिहून घेऊन गेलो. अण्णांच्या नावे, त्या रक्तपेढीच्या नावे, आणि जुन्या सहकाऱ्यांपैकी ज्यांचे पत्ते मिळाले त्यांच्या नावे. पाठवण्याआधी बाईंनी वाचावं असं मला वाटलं. त्यांनी ते शेडच्या दारात, उजेडाकडे धरून वाचलं. एका शब्दाशी थांबल्या. मी लिहिलं होतं, 'माझ्याकडून अनवधानाने'.

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि तो शब्द खोडला. दोनदा.

"अनवधान नव्हतं. तुला माहीत होतं. पुन्हा लिहून काढ."

मी तिथेच एका पॅनेलच्या खोक्यावर कागद ठेवून पुन्हा लिहिलं. बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी वाचलं, म्हणाल्या, एक प्रत मला. दुसरी लिहून दिली. ती त्यांनी शेडच्या भिंतीवर, त्यांच्या विद्युत ठेकेदारीच्या परवान्याशेजारी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी चिकटवली. चारही कोपरे अंगठ्यानं दाबले. मग आत वळून म्हणाल्या, "या ग पोरींनो. कुणीतरी मोठ्यानं वाचा."

मुली हात पुसत आल्या. मी निघायला हवं होतं, पण बाई दारात उभ्या होत्या आणि बाजूला होत नव्हत्या. पहिल्या ओळीत माझं पूर्ण नाव होतं. एका मुलीनं तिथून सुरुवात केली.